पहिली थ्री नॉट थ्री घेताना: जुनी ली-एनफील्ड कशी वाचायची, कशी तपासायची, कशी घ्यायची

ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली आणि ड्रिलला ती जड लाकडी रायफल तासभर खांद्यावर वागवली, त्यांना थ्री नॉट थ्री म्हणजे काय ते सांगायला नको. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यांच्या तोंडी हा शब्द इतका असायचा की शाळेत जायच्या आधीपासून मला तो माहीत होता, आणि "नळी आरशासारखी दिसली पाहिजे" हे त्यांचं वाक्य अजून कानात आहे. गेली बरीच वर्षं मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहतो, इथे ही रायफल कायद्याने विकत घेता येते, घरी ठेवता येते, रेंजवर चालवताही येते. ओळखीतली मराठी मंडळी अधूनमधून विचारतात की मलाही एक घ्यायची आहे, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

एक आधीच सांगतो, हे सगळं अमेरिकेतल्या लोकांसाठी आहे. भारतात १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली .३०३, म्हणजे थ्री नॉट थ्री, हा प्रतिबंधित बोर (नळीचं माप) आहे, साध्या लायसन्सवर मिळत नाही, गावाकडे लायसनवाल्यांकडे जी .३१५ रायफल दिसते ती त्यामुळेच वेगळ्या काडतुसाची बनवलेली आहे.

आधी स्वतःचे कागद बघा

रायफलचा फोटो बघून हात शिवशिवायला लागतात आणि कागदांचा विचार मागे पडतो, पण आपल्या लोकांच्या बाबतीत खरी अडचण इथेच असते. तुम्ही एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याप्रमाणे साधारणपणे तुम्हाला बंदूक घेता येत नाही, जवळ बाळगताही येत नाही, आणि यात काडतुसंही आली. वैध हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद कायद्यात आहेत, पण "माझ्या रूममेटने असंच केलं होतं" एवढ्या माहितीवर पाऊल टाकू नका, या विषयातल्या वकिलाला फी देऊन विचारा, कारण इथे चूक झाली तर इमिग्रेशनची सगळी वाटच बंद होऊ शकते. ग्रीन कार्ड असेल किंवा नागरिक असाल तर व्हिसाची ही आडकाठी नाही.

दुकानातून घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यावरून बॅकग्राउंड चेक होतो. त्यातल्या दोन प्रश्नांवर थांबून विचार करा. एक, ही रायफल तुम्ही स्वतःसाठी घेताय का. मित्राला व्हिसामुळे घेता येत नाही म्हणून त्याच्या पैशाने तुमच्या नावावर घेणं हा सरळ फेडरल गुन्हा आहे, मैत्रीखातर केलं तरी गुन्हाच. दुसरा प्रश्न गांजाचा. तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी फेडरल कायदा तसं मानत नाही, आणि हे फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं असतं. खोटं उत्तर देणं हा वेगळा गुन्हा.

मग राज्याचा कायदा. न्यू जर्सीत साधी रायफल घ्यायलाही आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं, इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांचे आपापले नियम. आपल्या गावातल्या बंदुकीच्या दुकानात जाऊन विचारलं तर ते बहुतेक वेळा नीट समजावून सांगतात.

आणखी एक कागद आहे तो नवख्यांना माहीत नसतो, तो म्हणजे सी अँड आर लायसन्स, क्युरिओ अँड रेलिक. मूळ स्वरूपात असलेली आणि ५० वर्षांहून जुनी बंदूक या प्रकारात बसते. फी ३० डॉलर, मुदत ३ वर्षं, वय २१ पूर्ण पाहिजे, अर्जाची एक प्रत तुमच्या भागातल्या पोलीस प्रमुखांना पाठवायची. हे असलं की दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून जुनी रायफल थेट तुमच्या पत्त्यावर येऊ शकते (राज्याचा कायदा आडवा येत नसेल तर), मधे दुकानदार लागत नाही. बदल्यात एक वही ठेवायची, बाउंड बुक म्हणतात, आलेली आणि गेलेली प्रत्येक रायफल तारखेसकट त्यात लिहायची. आणि हे लायसन्स संग्रहासाठी आहे, घेऊन विकून धंदा करायला नाही. एकच रायफल घ्यायची असेल तर याची गरज नाही, दुकानातून घ्या.

कुठली घ्यायची

जुन्या लष्करी रायफलींचं जग मोठं आहे, जर्मन माउझर, रशियन मोसिन, अमेरिकन गॅरंड, पण मी ली-एनफील्डबद्दलच बोलणार कारण तीच मला हातासारखी माहीत आहे, आणि आपलं नातं तिच्याशीच आहे.

ढोबळमानाने तीन वाटा. पहिली नंबर १ मार्क ३. हिचं डिझाइन १९०७ चं, पहिल्या महायुद्धात १९१६ पासून तिचं सोपं रूप आलं, त्याला मार्क ३ स्टार म्हणतात. पुढचं तोंड बोथट, चपटं, ते एकदा बघितलं की विसरत नाही. मॅगझिन १० गोळ्यांचं. मागची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नळीवर, डोळ्यापासून लांब. दुसरी नंबर ४, ही दुसऱ्या महायुद्धातली, नळीचं टोक बाहेर आलेलं आणि मागची साइट डोळ्याजवळ, छोट्या भोकातून बघायची, त्यामुळे चाळिशी लागलेल्यांना नेम धरायला हीच सोपी. ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतसुद्धा बनली. भारताने मात्र नंबर ४ बनवायला घेतलीच नाही, दुसऱ्या महायुद्धातही इशापूरच्या कारखान्यात नंबर १ च चालू राहिली.

तिसरी वाट म्हणजे इशापूरची २ए आणि २ए१, आणि कोणी मला विचारलं तर मी आधी हिच्याकडे बोट दाखवतो. इशापूर म्हणजे कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीच्या काठावरची रायफल फॅक्टरी. १९६२ च्या युद्धानंतरच्या वर्षांत तिथे जुन्या नंबर १ च्याच आकारात पण ७.६२ नाटो काडतुसासाठी नवीन रायफल बनवली. लोकांना वाटतं ही जुनी .३०३ च फिरवून केलेली आहे, तसं नाही, ही नव्याने आणि जास्त मजबूत पोलादातून बनवली. मॅगझिन जरा चौकोनी, १२ गोळ्यांचं. २ए ची साइट २००० मीटरपर्यंत, २ए१ ची ८०० पर्यंत, हाच त्या दोघींमधला मुख्य फरक. १९७० च्या आसपासच्या २ए१ सुद्धा आता पन्नाशी ओलांडून गेल्यात. पोटात मूळ .३०३ ची ओढ असेल तर मात्र इशापूरचीच नंबर १ मार्क ३ स्टार शोधा, त्याही इथे मिळतात.

लोखंडावर लिहिलेलं वाचा

या सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. विकणारा काय सांगतो ते नंतर, रायफल स्वतःबद्दल काय सांगते ते आधी.

दस्ता जिथे लोखंडाला जोडलेला असतो तिथे एक लोखंडी कडं आहे, त्याच्या उजव्या बाजूला बघा. वर मुकुट, खाली राजाची अक्षरं, मग कारखान्याचं नाव, साल, मॉडेल. व्हीआर म्हणजे व्हिक्टोरिया, १९०१ च्या सुरुवातीला ती वारली. ईआर म्हणजे सातवा एडवर्ड, १९१० पर्यंत. त्यानंतर जीआर. इशापूरच्या जुन्या रायफलींवर जीआरआय दिसतं, शेवटचा आय म्हणजे इम्परेटर, सम्राट. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले. १९४५ च्या रायफलीवर जीआरआय आणि १९५० च्या दशकातल्या रायफलीवर सिंह, दोन्ही एकाच कारखान्यातल्या, शेजारी शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा मी बराच वेळ नुसता त्या दोन शिक्क्यांकडे बघत बसलो होतो.

हे वाचता यायला लागलं की फसवणूकही दिसायला लागते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका गन शोमध्ये एका माणसाने नंबर १ दाखवली, म्हणे गॅलिपोलीहून (पहिल्या महायुद्धातली तुर्कस्तानातली लढाई) परत आलेली आहे, आणि त्या गोष्टीचे म्हणून भरपूर जास्त पैसे मागत होता. मी जवळजवळ पाकीट काढलं होतं. मग कड्यावरचं साल बघितलं, १९१८. गॅलिपोलीतून शेवटचा सैनिक निघाला जानेवारी १९१६ मध्ये. रायफल चांगली होती, रायफलीच्या भावात मी ती घेतलीही असती, पण तो गोष्टीचे पैसे सोडायला तयार नव्हता. कागदपत्र नसेल तर गोष्टीचा एक पैसाही देऊ नका.

खैबर खिंडीकडच्या नकला हा वेगळाच प्रकार. दर्रा आदम खेलच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने एनफील्डच्या नकला केल्यात, कारागिरी म्हणून बघावं तर थक्क व्हायला होतं, पण पोलाद कुठलं वापरलंय कोण सांगणार. शिक्के बघा, अक्षरं वेडीवाकडी, इंग्रजी एन उलटा, स्पेलिंग चुकलेलं, आणि हमखास खूण म्हणजे व्हीआरच्या खाली १९०१ नंतरचं साल. अशी आवडली तर भिंतीवर लावायला घ्या, तिच्यात काडतूस कधीच घालू नका.

मग नंबर. बॉडीवर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो लोखंडी भाग), बोल्टच्या (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) दांडीच्या मागच्या बाजूला, नळीवर, साइटच्या पात्याखाली आणि नळीच्या तोंडाजवळच्या टोपीवर सीरियल नंबर असतो, हे जुळले तर किंमत वाढते. सगळे जुळणारी कमीच मिळते, सैन्यात दुरुस्तीत भाग बदलले जायचेच. पण बोल्ट आणि बॉडीचा नंबर जुळावा अशी माझी तरी अट असते, कारण बोल्ट त्या बॉडीला बसवून घेतलेला असतो. जुना नंबर खोडून नवा ठोकलेला असेल तर ते सैन्याच्या वर्कशॉपमध्ये झालेलं असू शकतं, तो दोष नाही, पण ठोकणी अगदी ताजी, कडा चकचकीत दिसल्या तर विचारा.

डीपी ही दोन अक्षरं कुठेही दिसली, नळीवर, कड्यावर, लाकडावर, तर ती ड्रिल पर्पज. एनसीसीत आपण वापरायचो तीच जात. ही उडवायची नसते. तसंच इशापूरच्या काही रायफली पोलीस आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी .४१० मस्केट करून दिल्या होत्या, एका वेळी एकच गोळी, नळी आतून गुळगुळीत. त्यांचा इतिहास भारी आहे, पण .३०३ समजून घेऊ नका.

नळीवर बारीक अक्षरांत .३०३, २.२२२ आणि दाबाचा टनांतला आकडा दिसला तर घाबरू नका, ब्रिटनमधून खासगी बाजारात विकताना प्रूफ हाउसने (बंदुका तपासणारी संस्था) मारलेला तो शिक्का, २.२२२ म्हणजे काडतुसाच्या केसची इंचांतली लांबी. अमेरिकेत आणणाऱ्या कंपनीचं नावही बारीक कोरलेलं असतं, इम्पोर्ट मार्क, त्याने संग्राहकांत भाव थोडा उतरतो, नवख्याने तर त्याचा फायदाच घ्यावा.

हातात घेऊन तपासताना

आधी मालकाला विचारा, मग हात लावा. हातात आल्या आल्या नळी रिकाम्या दिशेला, बोल्ट मागे, डोळ्याने बघा, करंगळी घालून बघा. एनसीसीतलं "जांच शस्त्र" आठवा, तेच. मॅगझिनचा खटका चापाच्या कडीच्या आत पुढच्या बाजूला आहे, तो वर दाबला की मॅगझिन सुटतं. विचारल्याशिवाय रिकामा चाप ओढू नका.

नंबर १ चा बोल्ट काढायचा तर दांडी वर करा, पूर्ण मागे ओढा, बोल्टचं डोकं वर उचलून फिरवा आणि बाहेर घ्या. मग मागून छोटा बोअर लाइट टाकून पुढून बघा. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, धारदार दिसले पाहिजेत. थोडं काळसर चालतं, पण खड्डे नकोत. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडाशी असलेला पेट घेणारा भाग) मीठ तयार व्हायचं आणि ते हवेतलं पाणी ओढून नळी खायचं, म्हणून त्या काळात सैनिकाला रोज पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंधीने नळी साफ करावी लागे, ज्याने कंटाळा केला त्याच्या रायफलीत ते आजही दिसतं. तोंडाशी नळी एका बाजूने घासलेली आहे का तेही बघा, पुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षं तिरकी ओढल्याने तसं होतं, आणि नेम मग कितीही बरोबर धरा, गोळी हवी तिथे जात नाही.

हेडस्पेस म्हणजे बंद बोल्ट आणि नळीचं मागचं तोंड यांच्यात काडतुसाच्या कडेला मिळणारी जागा. .३०३ साठी ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि लष्करी मापाप्रमाणे ०.०७४ वर होता कामा नये. गन शोमध्ये हे करता येत नाही, पण घेतल्यावर पहिली गोळी घालायच्या आधी गनस्मिथकडून करून घ्या, यात सूट नाही.

लाकूड. मॅगझिनच्या मागे, चापाच्या वर, जिथे बॉडी लाकडात बसते तिथे चीर आहे का बघा, तिथलं लाकूड प्रत्येक गोळीचा धक्का खातं. इशापूरच्या रायफलीत लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रू दिसेल, मूळ लाकूड फाटू नये म्हणून कारखान्यातच घातलेला, तो नंतर कोणी ठोकलेला समजू नका. पुढच्या भागाला तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली दिसली तर ती ग्रेनेड फेकण्यासाठीची मजबुती.

आणि स्पोर्टराइज्ड. युद्धानंतर या रायफली इतक्या स्वस्त होत्या की लोकांनी पुढचं लाकूड कापून, टोपी काढून त्यांच्या शिकारीच्या हलक्या रायफली केल्या. स्वस्त मिळतात, आणि नवखे म्हणतात भाग आणून पूर्ववत करू. करता येतं, पण नळीही कापलेली नाही ना हे आधी मोजा, मूळ नळी २५.२ इंच. भागांचे भाव जोडत गेलं की अखंड रायफलीइतके पैसे सहज होतात.

भाव आणि ऑनलाइन खरेदी

ऑनलाइन लिलावात लोकांनी काय मागितलंय त्याकडे बघू नका, प्रत्यक्षात कितीला गेली ते बघा, गनब्रोकरसारख्या साइटवर संपलेले लिलाव बघता येतात. महिनाभर रोज दहा मिनिटं बघा, भाव आपोआप डोक्यात बसतो. फोटो मागताना कड्याची उजवी बाजू, बोल्टचा नंबर, चापाच्या मागचं लाकूड, नळीचं तोंड आणि आतली नळी एवढे पाच मागाच. त्यातला एक द्यायला टाळाटाळ झाली तर मी पुढे जातो. शिपिंग, दुकानदाराची ट्रान्सफर फी, लिलावाचं कमिशन हे सगळं आधी मिळवून मग बोली लावा. जमलं तर एखाद्या जुन्या संग्राहकाला सोबत न्या, या छंदातले म्हातारे फार मायेने शिकवतात.

घरी आणल्यावर

पहिला मोह चकचकीत करायचा होतो. करू नका. दस्त्याला मागे पितळी पट्टी असते, जुन्या तांब्यासारखा तिला काळपट रंग चढलेला असतो, आईची पीतांबरी तिच्यावर फिरवाल तर शंभर वर्षांचा रंग पाच मिनिटांत जाईल आणि किंमतही. लाकडाला सँडपेपर तर अजिबात नको, त्यावरचे शिक्के एकदा घासले की गेले. मूळ फिनिश जवसाच्या तेलाचंच होतं, तेच कच्चं जवसाचं तेल तळहातावर दोन थेंब घेऊन घासा, लाकूड गरम होईपर्यंत, मग फडक्याने पुसा, पंधरा दिवसांनी परत.

त्या पितळी पट्टीला एक छोटं दार असतं, ते उघडून बघा. माझ्या इशापूरमध्ये आत पितळी तेलाची बाटली निघाली आणि गुंडाळलेला पुलथ्रू, त्याच्या टोकाला अजून चिंधीचा तुकडा अडकलेला, तेलाने काळा झालेला. कुठल्या जवानाने तो शेवटचा ओढला होता कोण जाणे. तो मी तसाच परत आत ठेवलाय.

काडतुसं नवी घ्या. .३०३ आजही बनते, प्रवी पार्टिझान आणि सेलिए अँड बेलो दोघांचीही मिळते. २ए१ मध्ये मी ७.६२ नाटोचीच वापरतो. .३०३ ला मागे कड असते, मॅगझिन भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आली पाहिजे, उलटं झालं की अडकतं. जुनी लष्करी काडतुसं वापरलीच तर त्याच दिवशी नळीतून उकळतं पाणी घाला, कोरडी करा, मग तेल लावा, मीठ फक्त पाण्यानेच जातं, तेलाने नाही.

ठेवायची ती कुलपात, सेफमध्ये, काडतुसं वेगळ्या कुलपात, घरात मुलं असोत नसोत. कापडी किंवा फोमच्या केसमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका, दमट हवा आत राहते आणि गंज धरतो.

आणि रेंजवर नेलेली बॅग, जॅकेट, पँट प्रवासाला वापरायच्या आधी प्रत्येक खिसा उलटा करून झटका. मुंबईच्या विमानतळावर एक जरी काडतूस खिशात निघालं तर आर्म्स ॲक्टखाली केस होऊ शकते, चुकून राहिलं म्हणून सांगून लगेच सुटका होत नाही. बोल्ट, मॅगझिन, संगीन यातलंही काही गावाकडे दाखवायला म्हणून नेऊ नका, फोटो न्या. मी आजोबांच्या धाकट्या भावाला कड्यावरच्या त्या शिक्क्याचा फोटो मोठा छापून नेऊन दिला, त्यांनी चष्मा लावून इशापूर हे अक्षर एकेक करून वाचलं.